व्हिएन्नाचे निसर्ग-इतिहास संग्रहालय: दालनांच्या क्रमानेच पाहावे

व्हिएन्नाच्या मारिया टेरेझिया चौकात दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत आणि त्या एकमेकींसारख्या इतक्या हुबेहूब आहेत की नवखा माणूस हमखास चुकीच्या दारापुढे जाऊन उभा राहतो. एका इमारतीत ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याने जमवलेली चित्रे, शिल्पे व जडजवाहीर आहे. दुसरीत त्याच घराण्याच्या पदरचे दगड, जीवाश्म, उत्खननांतील वस्तू आणि पेंढा भरलेले प्राणी आहेत. ज्यांच्या हाताशी एकच दिवस असतो ते बहुधा पहिल्या इमारतीकडे वळतात आणि ब्रूगेलची चित्रे पाहून परततात. त्यात गैर काही नाही. पण चित्रांची उत्तम संग्रहालये युरोपात अनेक शहरांत आहेत. एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी सृष्टीकडे कसे पाहिले हे इतक्या अखंड स्वरूपात दाखवणारी वास्तू मात्र फार थोड्या उरल्या आहेत, आणि त्यांतली अग्रगण्य ही दुसरी इमारत आहे. हे परीक्षण तिच्याविषयी आहे.

संग्रहाची सुरुवात इमारतीच्या कितीतरी आधी झाली. त्या काळची ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया टेरेझिया हिचा पती, सम्राट फ्रान्झ श्टेफान, याने १७५० च्या सुमारास फ्लॉरेन्समधील बायू नावाच्या विद्वानाचा सुमारे ३०,००० वस्तूंचा संग्रह विकत घेतला आणि त्याच गृहस्थाला त्याचा व्यवस्थापक नेमले. सम्राटाला राज्यकारभारापेक्षा खनिजांत अधिक रस होता असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. हिरे आणि माणके तीव्र उष्णतेत ठेवून काय होते ते पाहण्याचा प्रयोग त्याने करवला होता. माणके जशीच्या तशी राहिली आणि हिरे मात्र जळून नाहीसे झाले. १७६५ साली तो वारल्यानंतर मारिया टेरेझियाने हा खासगी संग्रह राज्याच्या स्वाधीन केला. जिन्यावर लावलेल्या मोठ्या चित्रात हा सम्राट आपल्या विद्वानांच्या घोळक्यात दिसतो. आत शिरल्यावर घाईने वर चढण्याऐवजी या चित्रापुढे दोन मिनिटे थांबावे, कारण पुढे जे काही दिसणार आहे त्याचे मूळ त्याच माणसाच्या हौसेत आहे.

गॉटफ्रीड झेम्पर आणि कार्ल हाझेनाउअर या वास्तुरचनाकारांनी उभारलेली आजची इमारत सम्राट फ्रान्झ योसेफ याने १० ऑगस्ट १८८९ रोजी खुली केली. दर्शनी भागावर कोरलेला लेख ही वास्तू 'निसर्गाच्या साम्राज्याला आणि त्याच्या संशोधनाला' अर्पण करतो. जिन्याच्या चौकात ॲरिस्टॉटल, केपलर, न्यूटन, लिनिअस, क्युव्हिए, हुम्बोल्ट अशा शास्त्रज्ञांचे पुतळे आहेत आणि वर छतावर हान्स कानोन याने रंगवलेले 'जीवनचक्र' आहे. देवळात जिथे देवादिकांच्या मूर्ती असतात तिथे इथे शास्त्रज्ञ बसवले आहेत, आणि तेही राजाच्या खर्चाने. हा थाट काहींना अतिरेकी वाटेल. मला तो प्रामाणिक वाटतो, कारण ज्ञानाविषयी त्या काळाला वाटणारा अभिमान त्यात लपवलेला नाही.

खरी गंमत मात्र दालनांच्या रचनेत आहे. एकूण ३९ दालने दोन मजल्यांवर क्रमांकाने मांडलेली आहेत आणि हा क्रम पहिले संचालक फर्डिनांड फॉन होखश्टेटर यांनी आखला. हे भूगर्भशास्त्रज्ञ. १८५७ ते १८५९ या काळात जगप्रदक्षिणा करणाऱ्या 'नोव्हारा' या ऑस्ट्रियन युद्धनौकेवर ते शास्त्रज्ञ म्हणून गेले होते. ती नौका वाटेत मद्रासला आणि निकोबार बेटांवरही थांबली होती, आणि होखश्टेटर पुढे न्यूझीलंडला उतरून तिथली भूरचना अभ्यासत राहिले. इमारत खुली होण्यापूर्वीच, १८८४ साली, त्यांचे निधन झाले. त्यांच्या आराखड्यात प्रथम खनिजे, मग खडक आणि जीवाश्म, त्यानंतर प्रागैतिहासिक माणूस, आणि वरच्या मजल्यावर अतिसूक्ष्म जीवांपासून सस्तन प्राण्यांपर्यंतची सजीव सृष्टी अशी वाट होती. मधल्या काळात बदल झाले. देशोदेशीच्या लोकजीवनाचा संग्रह १९२८ साली इथून हलवून राजवाड्यात नेला गेला. तरीही मूळ क्रमाचा सांगाडा शाबूत आहे. म्हणून माझा आग्रह असा की प्रेक्षकाने पहिल्या दालनापासून सुरुवात करून आकड्यांच्या मागे चालत राहावे. थेट 'विलेनडॉर्फची व्हीनस' या सुप्रसिद्ध अश्मयुगीन स्त्रीमूर्तीकडे धावणाऱ्यांना मूर्ती दिसते, संग्रहालय दिसत नाही.

पहिल्या पाच दालनांत खनिजे, रत्ने आणि अशनी आहेत. इथली काळपट लाकडाची काचकपाटे जुन्या काळचीच आहेत, त्यांच्या वर भिंतींवर खाणी, डोंगर व ज्वालामुखींची मोठी तैलचित्रे आहेत, आणि उंच खिडक्यांतून आत येणारा प्रकाश स्फटिकांवर तिरका पडतो. दालनांची रचनाच दिवसाच्या उजेडासाठी केलेली असल्याने ती सकाळी पाहणे सर्वांत चांगले. हिवाळ्यात दुपारी चारनंतर इथली मजा अर्धी होते. कपाटांत नमुने दाटीवाटीने मांडले आहेत आणि चिठ्ठ्यांवर बहुतांशी खनिजाचे नाव व सापडल्याचे ठिकाण एवढेच असते, तेही जर्मनमध्ये. ज्याला खनिजशास्त्राची अजिबात ओळख नाही त्याला इथे पहिल्या अर्ध्या तासातच कंटाळा येण्याची शक्यता आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यावर उपाय एवढाच की सर्व पाहण्याचा हट्ट सोडून एखाद्या कपाटापुढे उभे राहावे आणि एकच खनिज निरनिराळ्या ठिकाणी किती वेगळ्या रूपांत तयार होते ते निवांत पाहावे. ब्राझीलमधील ११७ किलो वजनाचा पुष्कराज मात्र शोधावा लागत नाही. तो स्वतःच अडवतो.

चौथ्या दालनातील रत्नांचा पुष्पगुच्छ हा या भागातला सर्वांत लोकप्रिय नमुना. १७६० च्या सुमारास मारिया टेरेझियाने तो पतीला भेट दिला असे सांगतात. त्यात २,१०२ हिरे आणि ७६१ रंगीत रत्ने आहेत. फुले, कळ्या व त्यांवर बसलेले किडे हे सारे रत्नांचे आणि पाने रेशमाची. गंमत अशी की या गुच्छातली फुले रंगांचा मेळ साधणारी असली तरी देणारीने रत्नांच्या जातींची विविधता पुरेपूर सांभाळली आहे. खनिजवेड्या नवऱ्याची आवड तिला नेमकी ठाऊक होती. दागिना म्हणून पाहिले तर तो थोडा भडक आहे. नमुनासंग्रह म्हणून पाहिले तर अप्रतिम.

पाचवे दालन अशनींचे आहे, आणि माझ्या मते संपूर्ण संग्रहालयातले हे सर्वोत्तम दालन आहे. आकाशातून पडलेले सुमारे १,१०० दगड व लोखंडाचे तुकडे इथे मांडलेले आहेत आणि प्रदर्शनात ठेवलेल्या अशनींचा हा जगातला सर्वांत मोठा संग्रह मानला जातो. २०१२ साली हे दालन नव्याने सजवताना जुनी कपाटे ठेवून त्यांत नवी माहिती व नवे दिवे बसवले, आणि जुन्याला हात लावायचा तर तो असा, असे इथे म्हणावेसे वाटते. संग्रहाचा पाया ज्यावर रचला गेला तो लोखंडी अशनी मे १७५१ मध्ये आजच्या क्रोएशियातील ह्राश्चिना येथे पडला. वजन सुमारे ३९ किलो. आकाशातून लोखंड पडते यावर त्या काळी बहुतेक शहाण्या माणसांचा विश्वास नव्हता. पुढे १८०८ साली व्हिएन्नाच्याच आलोइस फॉन विडमनश्टेटन यांनी याच अशनीचा एक पातळ काप तापवला, तेव्हा त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी उमटली. लोखंड आणि निकेल यांचे मिश्रण लाखो वर्षांत अतिशय सावकाश थंड झाले तरच ही नक्षी तयार होते, म्हणजे पृथ्वीवरच्या भट्टीत ती करता येणार नाही. कापलेल्या व आम्लाने धुतलेल्या अशनींवर ती साध्या डोळ्यांनी दिसते. काचेला नाक लावून, मान थोडी डावी-उजवीकडे कलवून पाहावे, कारण प्रकाशाचा कोन बदलला की पट्ट्यांतल्या काही उजळतात आणि काही विझतात. १८६६ साली आजच्या युक्रेनमधील क्न्याहिन्या येथे पडलेला जवळपास २९३ किलोचा दगडही इथेच आहे.

भारतीय प्रेक्षकाला या दालनात आणखी एक धागा सापडेल. मोरोक्कोत २०११ साली पडलेल्या टिसिंट या मंगळावरच्या अशनीचा मोठा तुकडा संग्रहालयाने मिळवला आहे, आणि तो ज्या जातीचा आहे तिला 'शेरगोटाइट' म्हणतात. हे नाव आले बिहारमधील शेरघाटीवरून, जिथे ऑगस्ट १८६५ मध्ये या जातीचा पहिला अशनी पडला. आघाताने विवर कसे तयार होते हे समजावणारी मांडणीही जवळच आहे. ज्यांनी लोणारचे सरोवर काठावरून पाहिले आहे त्यांनी ती जरूर पाहावी. काळ्या बसाल्ट खडकातले ते पावणेदोन किलोमीटरहून मोठे विवर नेमके कसे घडले असेल, ते इथे चित्रासारखे उलगडते.

सहा ते दहा या दालनांत भूगर्भ आणि जीवाश्म आहेत. आठव्या दालनाच्या आसपास आर्केलॉन या नामशेष समुद्री कासवाचा अवाढव्य सांगाडा आहे. त्याच्यापुढे माणूस उभा राहिला की आपोआप मोजमाप होते. दहाव्या दालनात डायनोसॉर आहेत आणि तिथे लहान मुलांची झुंबड असते, कारण डिप्लोडोकसच्या लांबलचक सांगाड्याजवळ एक हलता, मान वळवणारा, गुरगुरणारा अॅलोसॉरस ठेवला आहे. मुले खूश होतात, हे मान्य. पण भिंतीवरचे कोरीव मानवाकृती आधारस्तंभ, वरची तैलचित्रे, शतकापूर्वीच्या सांगाड्यांची शांत मांडणी आणि त्यात हे यांत्रिक गुरगुरणे यांचा मेळ बसत नाही. अशनींच्या दालनात जो संयम दाखवला गेला तो इथे सुटलेला आहे. सोबत मुले असतील तर दालनात शिरताच त्यांना आधी हा प्राणी पाहू द्यावा, मग सांगाड्यांकडे वळावे. उलट क्रमाने गेल्यास सांगाड्यांकडे कोणी पाहत नाही.

अकराव्या दालनापासून माणसाचा इतिहास सुरू होतो आणि २०१५ साली नव्याने मांडलेला हा भाग पाहण्यासाठीच बहुसंख्य लोक येतात. विलेनडॉर्फची व्हीनस एका लहानशा अंधाऱ्या खोलीत एकटी ठेवली आहे. ७ ऑगस्ट १९०८ रोजी, डॅन्यूबच्या काठी वाखाउ खोऱ्यात रेल्वेमार्गाच्या कामासोबत चाललेल्या उत्खननात ती सापडली. वय सुमारे २९,५०० वर्षे, उंची अवघी ११ सेंटिमीटर. छायाचित्रांमुळे ती मोठी असेल अशी समजूत होते आणि समोर पाहिल्यावर अनेकांचा चेहरा पडतो. पण ती पाहण्यासाठीची नाहीच, हातात धरण्यासाठीची वस्तू आहे. डोक्याभोवती गुंफलेल्या वेण्यांसारख्या किंवा विणलेल्या टोपीसारख्या ओळी गोल फिरतात आणि त्यांच्याखाली चेहरा नाही. बारीक हात छातीवर टेकलेले आहेत, पावले नाहीत, आणि खाचांमध्ये लाल गेरूचे कण अजून टिकून आहेत. बेंबीचा खळगा तर दगडानेच पुरवला असावा: चुनखडीत अडकलेला लोहयुक्त कठीण कण कोरताना निखळून पडला आणि कोरणाऱ्याने त्या खळग्याचा उपयोग करून घेतला. हा तर्क २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला आहे. त्याच अभ्यासात दगडाच्या आतल्या कणांची रचना तपासून हा दगड बहुधा उत्तर इटलीतील गार्डा सरोवराच्या परिसरातला असावा, असेही म्हटले आहे. म्हणजे ही मूर्ती, किंवा निदान तिचा दगड, आल्प्सला वळसा घालून शेकडो किलोमीटर माणसांच्या हातून प्रवास करून आला. ही माहिती मूर्ती पाहण्याआधी ठाऊक असेल तर त्या अंधाऱ्या खोलीत अधिक वेळ थांबावेसे वाटते.

तिच्याच शेजारी गाल्गेनबर्गची 'फॅनी' आहे. १९८८ साली सापडलेली, हिरवट दगडाची, सव्वासात सेंटिमीटरच्या आतली आणि व्हीनसपेक्षाही काही हजार वर्षांनी जुनी. एक हात वर, अंग किंचित वळलेले, जणू नाचात मध्येच थांबलेली. गर्दी व्हीनसभोवती असते आणि फॅनीपुढे जागा मोकळी असते, त्यामुळे जाणत्या प्रेक्षकाची सोयच होते.

पुढची दालने हालश्टाटची. आल्प्सच्या कुशीतल्या या मिठाच्या गावात १८४६ ते १८६३ या काळात खाण-अधिकारी योहान गेओर्ग रामसाउअर यांनी ९८० कबरी उघडल्या. युरोपातील लोहयुगाच्या आरंभीच्या एका संपूर्ण पर्वाला या गावाचे नाव मिळाले ते याच शोधामुळे. तलवारी, कासवाच्या पाठीसारख्या फुगीर ब्राँझच्या भांड्यांची चमक आणि अंबरजडित मुठी यांच्यापुढे गर्दी होते. मला मात्र खाणीतल्या वस्तू अधिक मोलाच्या वाटतात. मिठाने चामडे, लाकूड आणि कापड कुजू दिले नाही. गाईच्या कातड्याची एक ओझ्याची पिशवी इथे आहे, एकाच खांद्यावर अडकवण्याची. तिच्या मागे एक लाकडी दांडा असतो, जो ओढला की पिशवी कलते आणि मीठ खांद्यावरूनच ओतले जाते, पिशवी उतरवण्याची गरज पडत नाही. तीन हजार वर्षांपूर्वी कोणा हमालाचे श्रम वाचावेत म्हणून कुणीतरी केलेली ही युक्ती सोन्याच्या दागिन्यांपेक्षा जास्त बोलते. विणलेल्या कापडांचे तुकडेही बारकाईने पाहावेत. रंग अजून ओळखू येतात.

चौदाव्या आणि पंधराव्या दालनांत मानवाच्या उत्क्रांतीची मांडणी आहे, स्वच्छ, आधुनिक आणि थोडी शाळेसारखी. इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात अशा संग्रहालयांनी जगभरातून माणसांच्या कवट्या आणि हाडेही गोळा केली, आणि अनेकदा ती त्या लोकांना न विचारता, कबरींतून उचलून आणली. या संग्रहालयाने २०२२ साली माओरी आणि मोरिओरी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या सुमारे ६४ पूर्वजांचे अवशेष न्यूझीलंडला परत पाठवले. इमारतीच्या वैभवाने भारून जाणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे.

वरच्या मजल्यावरचा प्राण्यांचा विभाग मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालयातील निसर्गविभागाची सवय असलेल्यांना अपरिचित वाटेल. मुंबईत प्राणी आपापल्या रानाच्या देखाव्यात उभे केलेले आहेत. इथे कुळांनुसार, जातींनुसार, ओळीने. कंटाळवाणे वाटते, पण एकाच कुळातले वीस पक्षी शेजारीशेजारी पाहिल्यावर चोचींतला फरक जो डोळ्यात भरतो तो देखाव्यात भरत नाही. नामशेष झालेल्या प्राण्यांसाठी तर हा मजला अनमोल आहे. डोडोचा सांगाडा आहे, ग्रेट ऑक हा उडता न येणारा उत्तर अटलांटिकचा पक्षी आहे, आणि स्टेलरच्या समुद्रगायीचा जवळजवळ पूर्ण सांगाडा आहे. ही प्रचंड, निरुपद्रवी, शेवाळखाऊ गाय १७४१ साली शास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडली आणि त्यानंतर तीस वर्षांच्या आत शिकाऱ्यांनी शेवटची मारून खाल्ली.

काही व्यवहाराच्या गोष्टी. भुयारी रेल्वेच्या फोल्क्सथिएटर स्थानकावर उतरल्यास दार अगदी जवळ आहे. संग्रहालय सहसा मंगळवारी बंद असते, तर समोरचे कलासंग्रहालय वर्षातील बराच काळ सोमवारी बंद ठेवतात. दोन्ही एकाच फेरीत पाहायची तर वार आधी तपासावा, आणि तिकिटाचे दरही, कारण ते बदलत असतात. १९ वर्षांखालील सर्वांना प्रवेश मोफत आहे, ही ऑस्ट्रियातील सरकारी संग्रहालयांची मोठी सोय. बुधवारी संध्याकाळी उशिरापर्यंत दार उघडे असते आणि तेव्हा शाळांच्या सहली नसतात. पहिल्या मजल्यावर घुमटाखाली उपाहारगृह आहे; जागा अतिशय देखणी, दर त्या जागेला शोभतील असे, आणि शाकाहारी माणसाला केक व कॉफीवर समाधान मानण्याची तयारी ठेवलेली बरी. छतावर नेणारी मार्गदर्शित फेरीही ठरावीक वेळी असते व तिचे तिकीट वेगळे असते; तिथून पुतळ्यांच्या पाठी आणि रिंगस्ट्रासे हा जुन्या शहराभोवतीचा गोलाकार रस्ता दिसतो.

दोन तासांत हे संग्रहालय उरकता येते, पण तसे करायचे असल्यास पाचवे, अकरावे व तेरावे दालन आणि वरची समुद्रगाय एवढेच पाहून बाहेर पडावे. ज्यांना जमेल त्यांनी पूर्ण दिवस द्यावा, खालचा मजला सकाळी आणि वरचा दुपारी. दगडांची अजिबात आवड नसलेल्यांनी मात्र समोरच्या इमारतीत जावे. तिथले ब्रूगेल खरोखरच चांगले आहेत.